एका नव्या घरामागे किती बाग?

आमच्या शहराच्या उद्यान आयोगापुढे या वर्षी आलेला सर्वांत किचकट विषय म्हणजे नव्या बांधकामांवर आकारायच्या उद्यान शुल्काचा दर. शहर कॅलिफोर्नियातले, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाकडचे. आयोगावर आम्ही सगळे बिनपगारी नागरिक असून आमचा अधिकार शिफारस करण्यापुरता आहे; निर्णय नगरपरिषदेचा. या भागात नवे घर घेतलेल्या बहुतेक मराठी मंडळींनी हे शुल्क भरलेले असते, पण त्याची त्यांना कल्पना नसते, कारण ते विकसकाकडून वसूल होते आणि घराच्या किमतीत मुरून जाते. म्हणून हा दर कसा ठरतो आणि वाद नेमका कुठे असतो, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

मूळ कायदा १९६५ सालचा आहे. विधानसभा सदस्य जॉन क्विम्बी यांच्या नावावरून तो ‘क्विम्बी कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. त्या काळी आमच्याच भागातले सांता क्लारा खोरे जर्दाळू आणि प्लमच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. त्या बागांचे तुकडे पाडून, रस्ते आखून, एकाच साच्यातील बैठ्या घरांच्या वसाहती उभ्या राहत होत्या. घरे झाली, रस्ते झाले, पण मुलांनी खेळायचे कुठे, याची तजवीज कोणीच केलेली नव्हती. तेव्हा राज्याने शहरांना असा अधिकार दिला की, जमिनीची विभागणी करून घरे विकणाऱ्याकडून उद्यानासाठी जमीन मागावी, किंवा जमिनीऐवजी तेवढ्या किमतीचे पैसे घ्यावेत. ५० किंवा त्याहून कमी भूखंडांच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) जमीन मागता येत नाही, फक्त पैसे घेता येतात. लहान शहरांत मोठे अभिन्यास आता जवळजवळ होतच नाहीत, त्यामुळे व्यवहारात प्रश्न उरतो तो पैशांचाच.

गणित वरवर पाहता सोपे आहे. दर हजार लोकसंख्येमागे ३ एकर उद्यान, हे कायद्याने धरलेले प्रमाण आहे. शहरात आधीपासून त्याहून अधिक उद्याने असतील तर ते ५ एकरांपर्यंत नेता येते. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचे तर हजार माणसांमागे १२० गुंठे, म्हणजे माणशी सुमारे १३१ चौरस फूट. भारत सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे, आणि क्विम्बीचे प्रमाण मीटरमध्ये मांडले तर ते १२ च्या किंचित वर जाते. कागदावर दोन्ही देश एकाच आकड्याशी येऊन थांबतात, हे मला तरी अनपेक्षित होते. प्रत्यक्षात मुंबई त्या आकड्याच्या आसपासही नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता एका घरात सरासरी ३ माणसे धरली तर त्या घराच्या वाट्याला ०.००९ एकर उद्यान येते. उद्यानासाठी घ्यायच्या जमिनीचा भाव एकरी ५० लाख डॉलर मानला, तर शुल्क झाले घरामागे ४५ हजार डॉलर. भाव एकरी १ कोटी मानला तर ९० हजार. हेच सूत्र राज्याच्या आतल्या शेतीपट्ट्यातील एखाद्या गावात लावले आणि तिथे जमीन एकरी ३ लाख डॉलरने मिळते असे मानले, तर शुल्क अवघे २,७०० डॉलर होते. सूत्र तेच, माणसे तीच, बागही तेवढीच. फरक पडतो तो फक्त जमिनीच्या भावाने. त्यामुळे दर ठरवण्याच्या बैठकीत उद्यानांविषयी फारच कमी बोलले जाते आणि बहुतेक वेळ मूल्यांककाच्या अहवालावर खर्च होतो.

हा अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. शहरातील अलीकडच्या जमीन व्यवहारांवरून मूल्यांकक सरासरी भाव काढतो. पण अलीकडे विकल्या गेलेल्या बहुतेक जमिनी या अनेक मजली इमारतींना परवानगी असलेल्या जमिनी असतात, आणि त्यांचा भाव मुळात त्यांवर किती सदनिका बसतात यावरून ठरलेला असतो. म्हणजे नगरपरिषदेने घरांचा तुटवडा कमी व्हावा म्हणून उंच इमारतींना परवानगी द्यायची, त्यामुळे जमिनीचा भाव वाढायचा, आणि त्या वाढलेल्या भावाने उद्यान शुल्क वाढून तीच घरे पुन्हा महाग व्हायची. आमच्या तक्त्यात ज्या भावाने जमीन घ्यायची असे गृहीत धरले होते, त्या भावाने शहर उद्यानासाठी जागा कधीच घेणार नाही. उद्यानासाठी जागा शोधताना शहर बंद पडलेली शाळा, जुनी रोपवाटिका, कालव्याकाठची पट्टी असेच काहीतरी पाहते. भाव मात्र धरला जातो रेल्वे स्थानकाजवळच्या कोपऱ्यावरचा.

याहून मोठी अडचण सूत्राच्या पोटातच आहे. १९६५ मध्ये ते ज्या वसाहतींसाठी लिहिले गेले, त्यांत एकरी साधारण ५ घरे बसत. ५ घरे, ३ माणसे, म्हणजे एकरात १५ माणसे, आणि त्यांच्यामागे ०.०४५ एकर उद्यान. विकसकाने आपल्या जमिनीच्या साडेचार टक्के द्यायचे, एवढाच तो भार होता आणि तो कोणालाही जाचक वाटला नसता. आज त्याच शहरात एका एकरावर ८० सदनिकांची इमारत उभी राहते. सदनिकेत सरासरी २ माणसे धरली तर ती झाली १६० माणसे, आणि त्यांच्या वाट्याचे उद्यान ०.४८ एकर. म्हणजे एक एकर जमीन घेणाऱ्याने जवळजवळ अर्ध्या एकराची किंमत उद्यानासाठी मोजायची. माणसे वाढली तर बाग वाढली पाहिजे, हे तत्त्व बरोबरच आहे. पण विरळ वस्तीसाठी आखलेले प्रमाण दाट वस्तीला जसेच्या तसे लावले, की ते तत्त्वच घर बांधणाऱ्याचा गळा धरते.

आपल्याकडे याच्या अगदी उलट पद्धत आहे, आणि ती पुण्यात वाढल्यामुळे मला आधी परिचयाची होती. महाराष्ट्रात २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. इथे माप भूखंडाचे आहे, माणसांचे नाही. त्या भूखंडावर चार मजले उठोत की तीस, मोकळी जागा १० टक्केच. शिवाय ती जागा बहुधा सोसायटीच्या फाटकाच्या आत असते. घसरगुंडी, दोन झोपाळे आणि ज्येष्ठांसाठी बाकडी तिथे असतात, पण शेजारच्या चाळीतल्या पोराला पहारेकरी आत सोडत नाही. सार्वजनिक बाग हवी असेल तर विकास आराखड्यातील आरक्षणावर भिस्त ठेवावी लागते, आणि महापालिकेने १० वर्षांत ती जमीन घेतली नाही तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम १२७ खाली मालक नोटीस देऊन ते आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्दबातल, करून घेऊ शकतो. पिवळ्या पडलेल्या आराखड्यावर हिरव्या रंगाने भरलेला चौकोन आणि प्रत्यक्षात तिथे उभी असलेली गॅरेजांची रांग, हे दृश्य पुणेकरांना नवे नाही.

म्हणजे एका ठिकाणी फक्त जमीन मोजली जाते, तर दुसऱ्या ठिकाणी फक्त माणसे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २०२२ मध्ये यावर एक मधला तोडगा काढला: सदनिकांच्या संख्येवरून उद्यानाचा वाटा मोजायचा, पण ५ हेक्टरपर्यंतच्या जागेत तो जमिनीच्या किंवा तिच्या किमतीच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचा नाही, आणि त्याहून मोठ्या जागेत १५ टक्क्यांपलीकडे. तिथल्या शहरांनी त्यावर बरीच ओरड केली, कारण उत्पन्न घटणार होते. १० हा आकडा कमी वाटला तरी मर्यादा असावी ही कल्पना मला पटते. हजार माणसांमागे ३ एकर मोजा, पण त्यावर जमिनीच्या प्रमाणात झाकण ठेवा, असे माझे म्हणणे आहे.

आयोगाच्या बैठकीत याला विरोध करणारे बहुतेक जण जुने रहिवासी होते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. नव्या इमारतीतली मुले आमच्याच बागेत येणार, गर्दी आम्ही सोसणार, मग त्यांनी त्यांचा वाटा का देऊ नये, असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. पण या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे, जी बैठकीत बोलून दाखवणे अवघड जाते. १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रस्ताव १३’ नंतर कॅलिफोर्नियात मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर बांधलेला आहे, आणि घर विकले जाईपर्यंत त्याचे करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. त्यामुळे ४० वर्षांपूर्वी घेतलेल्या घराचा मालक आजच्या भावाच्या लहानशा हिश्शावर कर भरतो, आणि शेजारी काल आलेले कुटुंब पूर्ण भावावर. शहरांच्या तिजोरीला पडलेले हे भोक बुजवण्यासाठीच पुढे नाना प्रकारची विकास शुल्के वाढत गेली. नवा माणूस पूर्ण कर भरतो, उद्यान शुल्कही भरतो. जुन्या रहिवाशाच्या काळात ज्या बागा झाल्या त्या मात्र सर्वांच्या करातून झाल्या होत्या.

शहरात आधीचाच तुटवडा असेल तर तो नव्यांच्या माथी मारता येतो का, हा म्हणूनच या विषयातील खरा कायदेशीर प्रश्न आहे. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने वॉलनट क्रीक शहराविरुद्ध दावा लावला होता तो याच मुद्द्याच्या अवतीभवती. उद्यानाची गरज नेमकी आमच्याच अभिन्यासामुळे निर्माण झाली हे शहराने सिद्ध करावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले: एकूण नव्या वस्तीमुळे मोकळ्या जागेवर ताण येतो, एवढे पुरेसे आहे, असा तो निकाल होता. पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र हात आखडता घेतला. ओरेगनमधील टिगार्ड गावातल्या हार्डवेअर दुकानाच्या विस्ताराला परवानगी देताना गावाने ओढ्याकाठची जमीन आणि सायकलवाट मागितली होती. १९९४ मध्ये न्यायालयाने ठरवले की, मागणी ही बांधकामाच्या परिणामाशी ढोबळमानाने तरी प्रमाणात असली पाहिजे. तरीही शहरे म्हणत की, हा नियम एकेका प्रकरणात अधिकाऱ्याने घातलेल्या अटीला लागू आहे, लोकप्रतिनिधींनी सरसकट ठरवलेल्या दरपत्रकाला नाही. एप्रिल २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच एल डोराडो काउंटीच्या (जिल्ह्याच्या) प्रकरणात ही पळवाटही बंद झाली. तिथे स्वतःच्या भूखंडावर एक तयार घर बसवणाऱ्या माणसाकडून वाहतूक शुल्क म्हणून २३,४२० डॉलर मागण्यात आले होते, आणि नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, दर विधिमंडळाने ठरवला म्हणून तो त्या कसोटीतून सुटत नाही. दरपत्रकासाठी प्रत्येक घराचा हिशेब वेगळा मांडावा लागेल की सरसकट सरासरी चालेल, हे त्यांनी उघडे ठेवले, त्यामुळे आमच्यासारख्या शहरांचे वकील सध्या प्रत्येक तक्त्यातील प्रत्येक रकाना तपासून घेत आहेत.

त्यातला एक रकाना म्हणजे घरामागे माणसे किती. हा आकडा जनगणनेतून घेतला जातो आणि घराच्या प्रकारानुसार बदलतो: स्वतंत्र घराला जास्त, सदनिकेला कमी. पण एका खोलीची सदनिका आणि तीन खोल्यांची सदनिका एकाच रकान्यात येतात आणि दोघींना सारखेच शुल्क लागते, म्हणून विकसकाला लहान घरे बांधणे परवडत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या राज्याच्या नियमानुसार नवी परिणाम शुल्के, म्हणजे नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या ताणापोटी घेतली जाणारी शुल्के, घराच्या चटईक्षेत्राच्या प्रमाणात ठेवणे अपेक्षित आहे, आणि उद्यानाच्या जमिनीपोटी घ्यायच्या शुल्कालाही तेच तत्त्व लावावे, असा आग्रह मी धरला. तसेच घरामागच्या अंगणातील ७५० चौरस फुटांपेक्षा लहान जोडघराला परिणाम शुल्कातून पूर्ण सूट आहे, ही चांगली गोष्ट २०१९ च्या कायद्याने आधीच करून ठेवलेली आहे.

जनगणनेच्या त्या रकान्यात एक मोठा वर्ग येतच नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. संध्याकाळी पाच वाजता आमच्या कुठल्याही बागेत जा. सहा महिन्यांसाठी मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले आजी-आजोबा बाकांवर बसलेले दिसतील. स्वेटरवर स्वेटर, पायात नवे कोरे बूट, एका हाताने नातवंडाची ढकलगाडी मागेपुढे करत तेलुगू, गुजराती, मराठी, मँडरिन अशा सगळ्या भाषांत गप्पा चालू. बागेचा सर्वांत नियमित वापर हेच लोक करतात. पाहुणे म्हणून आलेल्यांची गणना होत नाही, त्यामुळे सूत्राच्या दृष्टीने ते नसतातच. यावर उपाय काय, ते मला ठाऊक नाही आणि त्यांच्या नावाने विकसकाकडून आणखी पैसे घ्यावेत असेही मी म्हणणार नाही. पण बागेत बाके किती आणि स्वच्छतागृह आहे की नाही, हे ठरवताना तरी त्यांना मोजावे, एवढे मी इतिवृत्तात नोंदवून घेतले.

स्वच्छतागृहाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, या शुल्कातून ते बांधता येते, पण धुता येत नाही. क्विम्बीचा पैसा जमीन घेणे, उद्यान उभारणे किंवा जुन्याची पुनर्बांधणी करणे एवढ्यासाठीच वापरता येतो. माळ्याचा पगार, पाण्याचे बिल, गवत कापणे यासाठी नाही. तो खर्च शहराच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे ‘प्रस्ताव १३’ने आवळलेल्या खिशातून करायचा. त्यामुळे एखादा विकसक अर्धा एकर जागा आयती द्यायला तयार असला तरी उद्यान विभागातले लोक ती घ्यायला फारसे उत्सुक नसतात. अशा अर्ध्या एकराच्या बागा मी पाहिल्या आहेत: एक घसरगुंडी, दोन बाक, काठीला बांधलेले एक कोवळे झाड, आणि फुटलेल्या ठिबक नळीभोवती साचलेला चिखल. अशा चार बागांपेक्षा एक दोन एकरांची बाग सांभाळायला सोपी आणि खेळायलाही चांगली, म्हणून शहरे पैसे घेऊन साठवत राहतात.

साठवण्यालाही मुदत आहे. घेतलेले शुल्क कशासाठी आणि केव्हा वापरणार, हे शहराने ५ वर्षांत निश्चित करायचे असते, अन्यथा ते संबंधित मालकांना परत द्यावे लागते. भाड्याच्या इमारतींना, जिथे जमिनीची विभागणी होत नाही, क्विम्बी लागू नाही. तिथे १९८७ मध्ये संमत झालेला परिणाम शुल्काचा वेगळा कायदा लागतो, आणि त्यात दरवर्षी जमाखर्च जाहीर करणे व दर ५ वर्षांनी शिल्लक पैशाचे कारण लेखी मांडणे बंधनकारक आहे. हे कारण मांडण्यात हयगय झाली तर काय होते, ते सॅन क्लेमेंटे या किनाऱ्यावरच्या शहराला २०१५ मध्ये कळले. समुद्रकिनाऱ्यावर वाहनतळ बांधण्यासाठी १९८९ पासून नव्या घरांकडून घेतलेले पैसे वर्षानुवर्षे पडून होते, आणि ठरलेली कारणमीमांसा धड नसल्याने अपिलाच्या न्यायालयाने सुमारे १ कोटी ५ लाख डॉलर घरमालकांना परत करायला लावले. पैसा उद्यानाचा नव्हता, पण कायदा तोच, आणि आमच्या वित्त अधिकाऱ्यांनी हे उदाहरण बैठकीत स्वतःहून काढले, याचे मला समाधान वाटले.

शुल्क शेवटी कोण भरतो, यावरही बरीच चर्चा झाली. विकसकांचे प्रतिनिधी म्हणतात, सगळा बोजा ग्राहकावर जातो. हे पूर्ण खरे नाही. शुल्क आधीपासून माहीत असेल तर विकसक जमिनीला तेवढी कमी बोली लावतो आणि भार जमीन विकणाऱ्यावर जातो. जमीन घेऊन झाल्यावर शुल्क अचानक दुप्पट केले, तर मात्र एक तर घर महाग होते किंवा प्रकल्पच गुंडाळला जातो. प्राथमिक अर्ज दाखल करताक्षणी त्या दिवशीचे दर गोठवून घेण्याची सोय २०१९ च्या राज्य कायद्याने दिलेली आहे, तिचा उद्देश हाच. म्हणूनच दर किती यापेक्षा तो किती टप्प्यांनी आणि किती आगाऊ सूचना देऊन वाढतो, याला मी अधिक महत्त्व देतो.

आयोगाने अखेर जी शिफारस पाठवली, तीत चटईक्षेत्रानुसार दर, शहराचे तीन विभाग पाडून प्रत्येकाचा वेगळा जमीनभाव, आणि तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढ हे मुद्दे आहेत. जमिनीच्या प्रमाणात कमाल मर्यादा ठेवण्याची माझी सूचना मताला टाकली गेली आणि पडली, कारण तिने उत्पन्नात किती घट येईल याचा हिशेब तयार नव्हता; तो हिशेब करून नगरपरिषदेच्या सुनावणीपूर्वी जोडावा, एवढी दुरुस्ती मात्र मान्य झाली. भाड्याच्या इमारतींसाठी दुसऱ्या कायद्याखालचा वेगळा अभ्यास सल्लागाराकडून येणे बाकी आहे, आणि तो येईपर्यंत त्यांना जुनाच दर लागू राहील.